गुरुजींच्या मुलांची फाइल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ही वही आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या हजेरीची. इन्स्टिट्यूट बंद पडलं, हजेरी घ्यायला कुणी उरलं नाही, आणि कोरी पानं टाकून देणं माझ्या जिवावर येतं. म्हणून आजपासून हिच्यात नव्या उद्योगाची नोंद. कुणाचा कॉम्प्युटर, काय बिघडलं, कसं निघालं. मनातलं काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे, पण मी ठरवलेलं किती दिवस टिकतं ते मला ठाऊक आहे.

उद्योग असा. जुन्या विंडोजचे अपडेट गेल्या महिन्यात बंद झाले. धाराशिवात घरोघरी दहा-बारा वर्षांचे कॉम्प्युटर पडलेत, नवी विंडोज त्यांना झेपत नाही. लोक भंगारवाल्याची वाट बघतायत. मी त्यांच्यात लिनक्स टाकून देते. लिनक्स फुकट, हलकं, म्हाताऱ्या मशीनला मानवणारं. चौदा वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवला, तेवढं तर मला येतंच.

कृष्णराज म्हणाला, "लोकांच्या घरी जाऊन मशिनी उघडणार? बायको म्हणून सांगायचं का मेकॅनिक म्हणून?" तो ढोकीच्या कारखान्यावर काट्यावर कारकून आहे, दिवसभर उसाच्या गाड्या मोजतो. नवऱ्याचं बोलणं मी वजनात धरत नाही.

माझा नियम एकच. डिस्कला हात लावायच्या आधी तिच्यातलं सगळं दुसरीकडं काढून घ्यायचं, आणि काढलेलं उघडून बघायचं. गिऱ्हाईक "घेतलंय मी" म्हणालं तरी उघडून बघायचं. लोक खोटं बोलतात असं नाही, त्यांना ठाऊकच नसतं. आजवर माझ्या हातून एकाचाही फोटो हरवलेला नाही. हे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाच घरं झाली. तीन पास, दोन नापास. एका वकिलांकडं पडदा काळाच राहतो, जुनं डिस्प्ले कार्ड लिनक्सला ओळख देत नाही. दुसरीकडं निम्म्यात लाईट गेली आणि मशीन धड विंडोजचं राहिलं नाही, धड लिनक्सचं झालं नाही. पुन्हा जाऊन नीट केलं. बाई म्हणाल्या, "पहिलंच बरं होतं." खरं तर पहिलं चालूच होत नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज बेंबळी. माझं माहेर, पण आता तिथं माझं कुणी नाही. आई-दादा गेले, भाऊ लातूरला. सहा वर्षांनी गेले. गौराकाकूंचा फोन आला होता, "गुरुजींचं मशीन उठत न्हाय, तू असलं करतीस म्हणं." शिवलिंगप्पा गुरुजी मला चौथीला होते. सध्या चौऱ्याहत्तर पूर्ण.

दारात गेले तर दोघं कानडीत बोलत होते. घरात त्यांची कानडीच, मूळ गाव कर्नाटकातल्या आळंदकडचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. काकू मला बघून गुरुजींना काहीतरी म्हणाल्या, मग गुरुजी हसून म्हणाले, "ये अयोध्या. चौथीतली. बापू टेलरची पोरगी." इतक्या वर्षांनी बापाचा धंदासुद्धा लक्षात. मला उगाच भरून आलं.

कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून चालूच होईना. मशीनची सुरुवातीची बायोस सेटिंग बघितली, दुसरा पेन ड्राइव्ह लावला, अर्धा तास गेला. शेवटी टॉर्च मारला तर पेन ड्राइव्हच्या खाचेत विभूती. दसऱ्याला मशीनची पूजा केली आणि तीन बोटं अगदी खाचेवरच ओढली. ब्रशनं काढली, पाया पडले, लिनक्स आत गेलं.

गुरुजी काय लिहितात ते आज कळलं. बत्तीस वर्षांत हाताखालून गेलेलं प्रत्येक मूल. एकेकाला एकेक पान, पानागणिक वेगळी फाइल. नाव, साल, कुठल्या बाकावर, कसं होतं. नऊ वर्षांपासून लिहितायत, म्हणाले सहाशे अकरा मुलं झालीत. एक पान वाचून दाखवलं: "महारुद्र, सन १९८८. डावखुरा. मी दोन महिने छडी मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावले. अक्षर बिघडले, पोरगा मुका झाला. चूक माझी." असं कुणी शिक्षक लिहील हे मला खरंच वाटलं नसतं.

मी विचारलं, "माझं?"

"तुझं ऱ्हायलंय. नीट लिहायचं म्हणून मागं ठेवलंय."

सगळी पानं मी आधी माझ्या डिस्कवर घेतली, उघडतात का तेवढं बघितलं, वाचली नाहीत, लिनक्स टाकल्यावर परत भरली. निघताना गुरुजी म्हणाले, "तुझ्याजवळचं पूस. पोरांच्या घरातल्या गोष्टी हायेत. माझ्या समोर पूस." समोर पुसलं. पासवर्डही त्यांनी हट्टानं ठेवून घेतला, घरात दोनच माणसं असून. चहा दोनदा झाला. दुसऱ्यांदा गुरुजी म्हणाले, "आगं, पोरगी आल्याधरनं कोरडी बसलीय." काकू पटकन म्हणाल्या, "पी गं, थंडी हाय."

१९ नोव्हेंबर, बुधवार

गुरुजींचा फोन, पासवर्ड घेत नाही. एसटीनं गेले. मशीनवर तारीख १ जानेवारी २००९. आतला बटणासारखा सेल संपला की मशीन आपली तारीख विसरतं आणि पहिल्या दिवसावर जाऊन बसतं. मी गुरुजींना दाखवलं, "बघा, हे अजून २००९ मध्येच आहे."

ते म्हणाले, "बरोबर हाय की. मला निवृत्तीला अजून पाच महिने हायेत."

मी इतकी हसले की ठसका लागला. गुरुजींचा विनोद असाच असायचा, चेहरा न हलवता. काकू आत निघून गेल्या, त्यांना तो विनोद बहुतेक रोज ऐकावा लागत असणार.

सेल बदलला. पासवर्ड नवीन दिला, त्यांच्याच गावाचं नाव. चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तेच. चिठ्ठी गायब. गुरुजी म्हणतात, चिठ्ठी नव्हतीच. मला वाटतं कीबोर्ड मराठीवर जाऊन बसतो आणि ते इंग्रजी समजून बडवतात. मराठी-इंग्रजी बदलायची कळ बंद करून टाकली. शिवाय कीबोर्डच जुना, म्हणून घरचा नेऊन लावला. मी स्वतः दहा वेळा उघडून बघितलं, दहाही वेळा उघडलं. गुरुजी बाजूला बसून माझी बोटं बघत होते. वर्गात फळ्यावरचं गणित न समजलेली पोरं बघायची तसं. म्हाताऱ्या माणसाला नवीन शिकायचा कंटाळा येतो, दुसरं काय.

४ डिसेंबर, गुरुवार

आज चिडले. लिहूनच ठेवते.

सकाळी फोन, "माझी पोरं गेली. फाइलच न्हाय." दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून बेंबळी गाठली. पानं सगळी जागेवर. फक्त ती न उघडता रोज नवीन कोरी फाइल उघडून तिच्यात लिहिलेलं. अठरा नव्या फायली. मी म्हटलं, "गुरुजी, जुनीच उघडायची." ते म्हणाले, "मीबी तेच म्हणतो, जुनी दे." डिस्क तपासली, काही जागा खराब निघाल्या, पण त्यानं असं होत नाही.

मला आता वेगळाच संशय येतोय. दोघं एकटी, मुलगा उमाशंकर पुण्याला. बोलायला माणूस नाही. मशीन बिघडलं की अयोध्या येते, चहा होतो, तास जातो. म्हणून मशीन बिघडतं! मला राग येत नाही, पण एसटीत जाता-येता चाळीस किलोमीटर मी खड्डे खाते आणि तिकडं वकीलसाहेबांचा पडदा अजून काळाच आहे.

निघताना गुरुजींनी मला शिवकन्या म्हणून हाक मारली. शिवकन्या म्हणजे माझ्या पुढच्या बाकावरची. काकूंनी कानडीत काहीतरी सांगितलं, मग म्हणाले, "अयोध्या, सावकाश जा." मला शिवकन्या म्हटलेलं लहानपणीही आवडायचं नाही. ती माझं बघून लिहायची.

९ डिसेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी काकूंचा फोन. अपडेट चालू असताना लाईट गेली, आता पडद्यावर नुसतं काळं आणि पांढरी अक्षरं. मीच गेल्या गुरुवारी अपडेट चालू करून दिलं होतं. फोनवरच गुरुजींना सांगितलं, मशीन चालू झालंच तर पोरं पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, कसं ते चारदा सांगितलं.

आज गेले. मशीन उठेना. नव्यानं लिनक्स टाकायचं ठरवलं. विचारलं, "गुरुजी, पेन ड्राइव्हवर घेतलं का सगळं?"

गुरुजींनी दाराकडं बघितलं. काकू दारातून कानडीत काहीतरी म्हणाल्या. मग गुरुजी म्हणाले, "व्हय. घेतलंय."

"सगळं? सहाशे अकरा?"

"घेतलंय म्हणलो न्हवं?" तोच वर्गातला आवाज. देवळीतला पेन ड्राइव्ह काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "का, गुरुजीचं तपासायचंय?"

माझा हात पेन ड्राइव्ह घेऊन लॅपटॉपकडं निघाला होता, तो थांबला. ज्या माणसानं माझी वही चौथीत तपासली, त्याचं मी तपासायचं? काकूही उभ्या. मी पेन ड्राइव्ह परत देवळीत ठेवला. "नाही गुरुजी, तुम्ही म्हणताय म्हणजे झालं." मग पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय निवडला. लिनक्स दोनदा विचारतं, नक्की का म्हणून. दोन्ही वेळा हो म्हटलं.

सगळं टाकून झाल्यावर पोरं परत भरायला पेन ड्राइव्ह लावला. त्यात कानडी भक्तीची वचनं आहेत. सकाळी स्पीकरवर लावतात ती. एकशे आठ गाणी, बाकी काही नाही.

१० डिसेंबर, बुधवार

काल पुढचं लिहिता आलं नाही.

मी काय केलं ते लिहिते. मी म्हटलं, "गुरुजी, डिस्क थोडी खराब आहे, घरी नेऊन बघते, पोरं आहेत त्यात." हे बोलताना मी पेन ड्राइव्ह परत देवळीत, आधी होता तसाच आडवा ठेवत होते. डिस्क काढून पिशवीत घातली आणि माझ्याजवळची एक जुनी लावून दिली. काकूंनी कडबोळी बांधून दिली. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, जणू धक्का लागला तर आणखी काही पुसलं जाईल.

नियम एकच होता.

१५ डिसेंबर, सोमवार

पुसलेल्या डिस्कवरून जे हाती लागेल ते उपसून काढणारं सॉफ्टवेअर असतं. कालपासून लावलंय. नवं लिनक्स जिथं जाऊन बसलं तिथलं कायमचं गेलं, बाकीचं थोडंफार निघेल. निघेल त्याला नाव नसतं, नुसते आकडे.

गुरुजींचा रोज फोन. "आली का गं पोरं?" मी रोज म्हणते, "चालू आहे गुरुजी, डिस्क मोठी आहे." रोज एक नवं कारण. मला इतकी कारणं येतात हे मला माहीत नव्हतं. कृष्णराजला सांगितलं नाही. वकीलसाहेबांना फोन करून सांगितलं, तुमचं मशीन मला जमणार नाही. नवीन गिऱ्हाईक घेणं बंद केलंय. कुणाच्या डिस्कला हात लावायचा म्हटलं की दुसरंच काम काढते.

२२ डिसेंबर, सोमवार

तीनशे बावीस फायली निघाल्या! देवासमोर साखर ठेवली, कारण काय ते घरात कुणाला सांगितलं नाही.

आता एकेक उघडून नाव देते आहे. गुरुजी प्रत्येक पानाच्या डोक्यावर वार आणि दिनांक घालतात, शाळेत फळ्यावर घालायचे तसं, त्यामुळं क्रम लागतो. पण सॉफ्टवेअरनं घोळ घातलाय. एकच पान पुन्हा पुन्हा येतं. महारुद्र अकरा वेळा आला. तुकडे एकमेकांत मिसळले असणार.

२९ डिसेंबर, सोमवार

घोळ कळत नाही. महारुद्रची अकरा पानं पुढं ठेवून बसले. पहिलं मी ऐकलेलं: मी दोन महिने छडी मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावले, चूक माझी. नंतरच्यात दोन महिन्यांचं एक वर्ष होतं. त्यानंतर, "त्याला शाळेत कुणीतरी मारीत असे." शेवटच्या पानावर, नोव्हेंबरची तारीख: "महारुद्र नावाचा मुलगा. डाव्या हाताने लिहितो. सुंदर अक्षर. त्याला कोणी मारले ते मला आठवत नाही. त्या माणसाला शोधले पाहिजे."

तुटलेली फाइल मी पुष्कळ बघितली. अक्षरं गळतात, चौकोन येतात, पान अर्धं राहतं. असं होत नाही.

कृष्णराज मागं उभा राहून वाचत होता ते मला कळलंच नाही. म्हणाला, "अयोध्या, डिस्क कशी काय वाक्यं बदलंल? हे माणसानं लिहिलेलं हाय."

मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, तू गाड्या मोज, कॉम्प्युटरमधलं मला शिकवू नको. तो बाहेर जाऊन बसला. अजून बाहेरच आहे.

५ जानेवारी २०२६, सोमवार

मोजलं. तीनशे बावीस फायलींत मुलं फक्त चौऱ्याण्णव. बाकी सगळी तीच ती. गेल्या दोन वर्षांत नवीन मूल जवळजवळ नाहीच. सहाशे अकरातली पाचशे सतरा मी पुसली, आणि ती आता जगात कुठंही नाहीत.

चार दिवस गुरुजींचा फोन नाही. बरं वाटतंय. कारणं संपत आली होती.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. आज तिळगूळ घेऊन बेंबळीला गेले. तिळगूळ हे निमित्त, सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते.

गुरुजी अंगणात उन्हाला बसलेले. काकू आत होत्या, त्यामुळं कानडीत सांगायला कुणी नव्हतं. मी पाया पडले. गुरुजी म्हणाले, "कोणाच्या तुम्ही?"

मी म्हटलं, "अयोध्या, गुरुजी."

"बसा, बसा. मालक आल्यात का संगट?"

मला तुम्ही म्हणाले. छडी उगारतानासुद्धा ज्यांनी मला अगं-तुगंच केलं, ते गुरुजी मला तुम्ही म्हणाले.

काकूंनी मला आत घेतलं आणि दार लोटलं. तीळ निवडत बोलल्या, वर न बघता.

"तीन वरसं झाली. आधी नावं जायाची, मग म्हयने. माणूस आलं की म्या कानडीत सांगायची, ह्यो आमका, त्याचा बाप टेलर. मंग ते बरुबर बोलायचे. तूबी फसलीस न्हवं?"

"दवाखाना?"

"दाखवलं सोलापूरला. गोळ्या हायेत. उमाशंकरला सांगितलं न्हाय. सांगितलं की पुण्याला नेतोय, चौथ्या मजल्यावर. तिथं ह्यांना गावातला रस्ताबी न्हाय सापडायचा, हितं निदान पाय वळखत्यात. त्यो फोन करतो, आप्पा काय करत्यात, म्या सांगते, लिहीत बसल्यात. त्याला वाटतंय लिहित्यात म्हंजे चांगले हायेत."

काकूच पुढं म्हणाल्या, "तू त्या दिशी इचारलंस, पेन ड्रायवर घेतलं का. ह्यांना काय ठावं? म्या म्हणलं, व्हय म्हणा. न्हाय म्हणले आसते तर तू म्हणली आसतीस, काल चारदा सांगितलं की. मंग तुला कळलं आसतं. घेतलं न्हवतं का गं? त्यानं काय वाइट झालं का?"

हे खरं लिहिते. त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं एकदम हललं. माझ्या एकटीची चूक नव्हती. दारातून व्हय म्हणायला लावणारी बाई समोर बसली होती, आणि मी एवढंच म्हणायचं होतं की काकू, तुमच्यामुळं गेलं. त्या जन्मभर ते घेऊन बसल्या असत्या आणि मी मोकळी झाले असते. तोंडात शब्द आले होते.

मी म्हटलं, "काही नाही झालं काकू. मिळतंय हळूहळू."

पुन्हा खोटं. यावेळी कुणासाठी बोलले ते मला नीट सांगता येत नाही. परतीच्या एसटीत इतकी रडले की शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

२० जानेवारी, मंगळवार

चार दिवस रिकामे गेले. कृष्णराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कधी सांगणार त्यांना?" मी म्हटलं, ज्याला मी कोण तेच माहीत नाही त्याला काय सांगायचं. तो म्हणाला, "मग तर सोपं हाय. तरी जात न्हाईस." काट्यावर बसून बसून त्याला नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कळायला लागलंय.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळच्या गाडीनं गेले. चौऱ्याण्णव पानं डिस्कवर, दोन पेन ड्राइव्हवर, आणि कागदावर छापूनही नेली. पासवर्ड काढून टाकला. आता मशीन चालू केलं की सरळ उघडतं, काही विचारत नाही. हे मला नोव्हेंबरातच सुचायला हवं होतं.

गुरुजी खुर्चीत बसले. आज बरे होते, दाढी केलेली, कपाळाला विभूती. पडद्यावरची पानं मी एकेक पुढं सरकवत होते. थोडा वेळ वाचलं, मग म्हणाले, "चांगलं लिहिलंय. कुणी लिहिलंय?"

"तुम्ही, गुरुजी."

"आसंल." मग माझ्याकडं वळून, "तुला टायपिंग येतं का? माझी बोटं चालंनात. एकीचं ऱ्हायलंय. म्या सांगतो, तू घे."

नवी फाइल उघडली. गुरुजींनी वार, दिनांक विचारला, तो वर घालायला लावला. मग भिंतीकडं बघत सांगायला लागले. थांबत, पण अडखळत नव्हते. कानडीत सांगायला काकू जवळ नव्हत्या, त्या चुलीपाशी होत्या.

"नाव अयोध्या. बापू टेलरची. चौथी. तिसरा बाक, भिंतीकडून. लिही."

मी लिहिलं.

"पोरगी हुशार. वर्गात पैली. पण एक खोड. गणित चुकलं की म्या तिच्या बाकापाशी पोचायच्या आत पाटी पुसून टाकायची. फ्रॉकानं. आन कोरी पाटी वर धरून म्हणायची, अजून लिहिलंच न्हाय गुरुजी. मला दिसायचं, फ्रॉक पांढरा व्हायचा. म्या बोललो न्हाय. पैली येणारी पोरगी, कशाला नाऊमेद करा म्हणून. बोलायला पायजे होतं. चूक माझी. झालं का लिहून?"

माझ्या बोटांनी ते लिहून झालं होतं. पडद्यावरची अक्षरं मला दिसत नव्हती.

"गुरुजी," मी म्हटलं, "ती अयोध्या मीच. तुमची पोरं मी पुसली. पेन ड्राइव्ह उघडून बघितला नाही आणि सगळी डिस्क पुसली. सहाशे अकरा होती, चौऱ्याण्णव मिळाली. दीड महिना मी तुमच्याशी खोटं बोलते आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. भाकरीचं पीठ हातावर तसंच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग देवळीतल्या पेन ड्राइव्हकडं, आणि पिठाचा हात तोंडावर गेला. त्यांच्यापासून लपवायला मला काही उरलं नव्हतं. त्या गुरुजींना काहीही सांगत नव्हत्या, कानडीत नाही, मराठीत नाही.

गुरुजी खुर्चीतच माझ्याकडं वळले.

"पुसली?"

"हो."

"आन आता सांगतीस."

"हो गुरुजी."

"बरं केलंस." त्यांनी हात पुढं करून माझ्या डोक्यावर ठेवला, वर्गात ठेवायचे तसा, जरा जड. "पुसलं तर पुसलं. रडायचं न्हाय. पैल्यापासनं घ्यायचं. घे, नवीन पान घे." मग थोडं पुढं वाकून, जसं नव्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी विचारतात तसं विचारलं, "नाव काय म्हणालीस बाळ तुझं?"

"अयोध्या," मी म्हटलं, आणि नवीन पान घेतलं.